साखर वाढली, भावजी

"भावजी, साखर वाढली हो."

दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीवरून शेजारच्या वहिनी बरणी पुढे करत असं म्हणायच्या, तेव्हा बरणीत साखरेचा कणही नसायचा. तुमच्या घरात कोणी जुनं माणूस असेल तर तुम्हाला हे समजावायला नको. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. वहिनींनी हा नियम सगळ्या संसाराला लावला होता. इंग्लंडात, लीड्समध्ये उभा जन्म काढला, यजमान गेल्यावर एकटीने घर चालवलं, पण 'नाही' या शब्दाला त्यांनी उंबरा ओलांडू दिला नाही. ब्रॉडबँड विकणारा दारात आला तरी त्याला "बघू हं" म्हणायच्या. तो बिचारा आशेने पुन्हा पुन्हा यायचा, चहा पिऊन जायचा.

पुढे वहिनी थकल्या. त्यांची अंघोळ, साडी नेसवणं, स्वयंपाक सगळं आमची ही करू लागली. मग हिचेच गुडघे गेले. ऑपरेशन ठरलं तेव्हा ही म्हणाली, "अहो, वहिनींकडे आता कोण बघणार? कौन्सिलला, त्या नगरपालिकेला फोन करा."

वहिनींना मूलबाळ नव्हतं. त्यांचं मागणं एकच होतं. "मला इथेच ठेवा, भावजी. याच घरात." त्यासाठी कौन्सिलच्या पैशाने सकाळ-संध्याकाळ एक केअरर, म्हणजे घरी येणारी मदतनीस, आली की भागत होतं. कौन्सिल म्हणालं, आधी असेसमेंट. आमची बाई घरी येऊन बघेल, यांना काय जमतं आणि काय जमत नाही.

बाई येणार म्हटल्यावर वहिनींनी घर असं सजवलं, म्हणजे हिच्याकडून सजवून घेतलं, की जणू मुलगी बघायला मंडळी येणार होती. हिने त्यांना रेशमी साडी नेसवली, निऱ्या पिनांनी टाचल्या, पोहे केले. खोलीत कमोडची खुर्ची होती. ती पाहुणीला दिसू नये म्हणून तिच्यावर जरीची शाल घातली. त्यामुळे खोलीतली सगळ्यांत देखणी खुर्ची तीच झाली, आणि बाई आल्या आल्या तिच्यावरच बसली. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

बाई तरुण होती, गोड होती, दर वाक्याला 'लव्ह' म्हणत होती. ती विचारणार, मी मराठीत सांगणार, असं ठरलं.

"वहिनी, अंघोळ जमते का विचारतायत."

"होते हो," वहिनी माशी हाकलल्यासारखा हात हलवून म्हणाल्या.

"स्वयंपाक?"

"होतो की."

"जिना?"

"होतं सगळं. सांगा त्यांना."

मी सांगितलं, "शी मॅनेजेस." तिन्ही वेळा.

ही गोष्ट मी इथल्या महाराष्ट्र मंडळात अनेकदा सांगितली आहे. लोक हसतात, कौन्सिलला नावं ठेवतात, मीही ठेवत आलो. आता वय झालं, खरं काय ते सांगून टाकतो. 'होते' या शब्दात कोण करतं ते नसतं. अंघोळ होत होती, कारण आमची ही घालत होती. स्वयंपाक होत होता, कारण ही करत होती. जिना तर वहिनींनी केव्हाच सोडला होता. हे सांगण्याइतकं इंग्रजी मला येत होतं, सगळी नोकरी मी इंग्रजीतच केली. पण ती जरीची शाल, ती रेशमी साडी, वहिनींची ताठ मान, आणि या सगळ्यावर परक्या बाईसमोर 'यांना होत नाही' म्हणायचं? मलाच लाज वाटली.

"पोहे सुंदर आहेत. कोणी केले?" बाईने विचारलं.

"झाले हो," वहिनी म्हणाल्या.

"शी मेड देम," मी वहिनींकडे हात करून म्हणालो.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तशीच आत वळली.

कौन्सिलने कळवलं, मदतीची गरज दिसत नाही. उलट बाईने आपुलकीने सुचवलं होतं की वहिनींनी लंच क्लबमध्ये येऊन एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांना पोहे शिकवावेत.

"शाबास," ही म्हणाली. "आता क्लबात उचलून कोण नेणार त्यांना? तुम्ही?"

मी तक्रार केली. दुसरी असेसमेंट ठरली. या खेपेला शेजाऱ्याने मध्ये बोलायचं नाही, कौन्सिलची दुभाषी फोनवरून बोलणार. मी वहिनींची तालीम घेतली.

"म्हणा वहिनी, होत नाही."

"भरल्या घरात असं बोलू, भावजी? वास्तू ऐकत असते."

"एकदाच म्हणा. मग तुम्हाला इथून कोणी हलवणार नाही."

"बघू हं," वहिनी म्हणाल्या, आणि मला तो ब्रॉडबँडवाला आठवला.

दुभाषी लंडनजवळच्या क्रॉयडनची होती, इथेच जन्मलेली. फोनच्या स्पीकरवर तिचा आवाज आला, "आजी, तुमची त्रास काय आहे?"

त्याच आठवड्यात वहिनी ओट्यापाशी पडल्या होत्या. हाताला खरचटलं होतं, बांगड्या फुटल्या होत्या. पण पडले म्हणणंसुद्धा त्यांच्या जिवावर आलं. "अगं, स्वयंपाकघरात बांगड्या वाढल्या. पायातली ताकदही वाढत चाललीय आता."

फोनवरून आवाज आला, "शी सेज, हर बँगल्स आर इन्क्रीझिंग इन द किचन. ऑल्सो, द स्ट्रेंग्थ इन हर लेग्ज."

"ओह, दॅट्स लव्हली," बाई म्हणाली.

मी हात वर केला. बाईने हसून ओठांवर बोट ठेवलं. मी ओरडून सांगायला हवं होतं. पण मग मागचे पोहे कोणी केले तेही सांगावं लागलं असतं. मी हात खाली घेतला.

शेवटी बाईने विचारलं, यांना केअर होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, राहायला आवडेल का? क्रॉयडनची पोरगी मराठी शब्द जुळवत होती, तेवढ्यात 'केअर होम' एवढं ऐकूनच वहिनी म्हणाल्या, "नाही."

मी दचकलो. वहिनींच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो. बाईने अर्थ न विचारता लिहून घेतलं: प्रकृती सुधारते आहे, मतं ठाम आहेत.

केअरर मिळाली नाही. हिचं ऑपरेशन झालं, ही काठी धरून चालू लागली, मी वहिनींकडे डबा पोचवू लागलो. एका सकाळी डबा घेऊन गेलो तर वहिनी अंघोळीच्या खोलीत पडलेल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं.

हॉस्पिटलात कोणाला काही विचारावं लागलं नाही. केअररच्या सकाळच्या अर्ध्या तासाला ज्या कौन्सिलकडे पैसे नव्हते, त्याच कौन्सिलने दिवसरात्र नर्सिंग होमचा, म्हणजे नर्स असलेल्या वृद्धाश्रमाचा, खर्च बिनबोभाट मंजूर केला. जिन्याचं घर यापुढे चालणार नव्हतं.

नर्सिंग होमला जाताना तीच बाई वहिनींना घराशी घेऊन आली, कपडे न्यायला. वहिनी गाडीतच बसून राहिल्या. हिने बॅग भरली, दिवा शांत केला, मी दाराला कुलूप लावलं. वहिनी घराकडे पुष्कळ वेळ बघत होत्या. मग गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून, साखर मागायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "येते हं, भावजी."

"काय म्हणाल्या?" बाईने विचारलं.

मी या वेळी पदरचं काही घातलं नाही. शब्दाला शब्द ठेवला. म्हणालो, "कमिंग."

बाईने मान डोलावली. गाडीचं दार उघडं धरलं, आणि अजून कोण यायचं राहिलंय म्हणून कुलूप लावलेल्या घराकडे बघत उभी राहिली.