एकवीस दिवस मधात

मंगळवारी पहाटे सहा वाजून दहा मिनिटांनी मालवीना हेर्त्सरने शेडमधल्या चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचललं आणि लाकडी चिमट्याने मधाच्या पाण्यातून अकीकाची चकती बाहेर काढली. एकवीस दिवस मुरलेली ती चकती अजून दिसायला होती तशीच होती: वर पांढरा थर, खाली राखाडी.

मालवीना चोपन्न वर्षांची आहे. जर्मनीतल्या आमच्या इडारमध्ये ती एकतीस वर्षं अकीक रंगवते आहे. आमच्याकडे दगडाला काळा रंग लावत नाहीत, तो दगडात मुरवतात. आधी कोमट मधपाण्यात आठवडेच्या आठवडे, मग कढत अ‍ॅसिडमध्ये. दगडाच्या छिद्रांत शिरलेली साखर तिथेच जळते आणि दगड काळा होतो. म्हणून आमचा किराणावाला मध मागणाऱ्याला आधी विचारतो, "पावाला की दगडाला?" दगडाचा स्वस्त असतो. गेल्या ईस्टरला मालवीनाच्या दिराने, याकोबने, नेमक्या त्याच बरणीतला मध पाहुण्यांना वाढला होता. त्यांनी दोनदा मागून घेतला.

ही चकती एमिल पुर्पर यांची. ते दगडावर उठावाची चित्रं कोरतात: चित्र वरच्या पांढऱ्या थरात, मागे खालचा काळा थर. गेल्या उन्हाळ्यात बटाट्यांसाठी तळघर खणताना त्यांना मुठीएवढा अकीक सापडला. आमच्या डोंगरातला दगड आजोबांच्या काळातच संपला, आता सगळा माल ब्राझीलहून येतो. एमिलनी गावभर सांगून टाकलं, की मुलीच्या, त्रूडच्या, लग्नात तिच्या गळ्याशी स्वतःच्या घराखालचा दगड असेल, त्यावर तिचाच चेहरा. आता लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. दगडाच्या दोन चकत्या निघाल्या होत्या. पहिली त्यांनी घाईने घरीच नऊ दिवस मधात ठेवली, तिच्यावर तपकिरी डाग उठले. उरली ही एक.

याकोब चाकावर दगड घासतो. त्याने चकती पाहून ती मेलेली आहे, रंग पिणार नाही, असा निकाल दिला होता. मालवीनाने मात्र ती ओली करून खिडकीत ठेवली आणि घड्याळ लावून बसली. पांढऱ्या थरावर पाणी तसंच राहिलं, राखाडी थर चार मिनिटांत सुकला. म्हणजे पाणी आत गेलं.

"वहिनी आता दगडांची नाडी बघते," असं याकोब तेव्हापासून भेटेल त्याला सांगत होता.

सात वाजता एमिल आले. एकवीस दिवसांतली ही त्यांची एकविसावी फेरी. धुराड्याचा धूर बघून वारा घरांकडे नाही, ओढ्याकडे आहे, याची खात्री करून मालवीनाने दार उघडं टाकलं, चकती अ‍ॅसिडच्या भांड्यात सोडली आणि हात गुंतून राहावेत म्हणून एमिलना जेवणाचे मुळे किसायला बसवलं.

त्यांना राहवेना. दगड एकच, मग एक थर पितो आणि दुसरा पीत नाही, हे कसं, असं त्यांनी विचारलं.

"एक कुठला, मास्तर? लाव्हा थंड झाला तेव्हा ही नुसती बुडबुड्याची पोकळी होती. मग पाणी झिरपत राहिलं आणि भिंतीवर एकेक पापुद्रा सोडत गेलं. कांदा आतून बाहेर वाढतो, हा बाहेरून आत. एखादा पापुद्रा घट्ट बसला, एखादा विरळ. डोंगराला कुणाच्या लग्नाची घाई नव्हती."

एमिल पुढचा मुळा किसू लागले.

दहाला भांडं उतरवलं. तासभर थंड होऊ देऊन, धुऊन, याकोबने चकतीला चाकावर एक हात मारला आणि ती एमिलच्या हातात ठेवली. खालचा थर कोळशासारखा काळा, वरचा दुधासारखा पांढरा. मधली सीमा सुरीने कापल्यासारखी.

मग एमिलनी चकती उलटली. काळ्यात केसाएवढी पांढरी रेघ होती, उजव्या बाजूने तिरपी गेलेली. त्यांचा चेहरा उतरला.

मालवीनाने भिंग लावलं. दगडाला कधीकाळी तडा गेला होता आणि नंतरच्या पाण्याने तो स्फटिकाने भरून काढला होता. हा सांधा इतका घट्ट, की त्यात मध शिरला नव्हता. मजबुतीला धोका नव्हता, पण काळ्या पार्श्वभूमीवर ती रेघ दिसली असती.

एमिलनी चकती सरळ केली, उलटली, पुन्हा सरळ केली. खिशातून पेन्सिल काढून पांढऱ्या थरावर चेहऱ्याची कड आखली, पुसली, आणि उलट दिशेने आखली. आता अंबाड्याचा पांढरा भाग बरोबर रेघेवर येत होता.

"त्रूडला डावीकडे बघावं लागेल," ते म्हणाले.

"तुम्ही उजवीकडे बघ म्हटलं असतं तरी तिने डावीकडेच बघितलं असतं," याकोब म्हणाला.

एमिल हसले. चकती रुमालात गुंडाळून निघाले, ते किसलेल्या मुळ्यांची वाटी घेऊनच. रविवारी कांद्यात मुरवलेलं मांस बीच झाडाच्या लाकडांच्या निखाऱ्यांवर भाजायचं आणि लाकडं याकोबने आणायची, असं दारातच ठरलं. मेलेल्या दगडाचा दंड म्हणून.

मालवीनाने भांडं घासून पालथं घातलं. ब्राझीलच्या बारा चकत्या फळीवर थांबल्या आहेत. उद्या बुधवार. किराण्याचं दुकान साडेसातला उघडतं. तिची दोन किलोंची बरणी डावीकडच्या कप्प्यात काढून ठेवलेली आहे, वर चिठ्ठी आहे: हेर्त्सर, दगडाला.