ओटीतले हरभरे

निरुपमाताईंचा एक नियम होता. ज्या घरी चौकशीला जायचं, त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. मुलांच्या संरक्षणाचं काम बाईंनी बावीस वर्षं केलं, बडोद्याची एक गल्ली सोडली नाही, पण पिशवीत बाटली कायम स्वतःची. लहरीपुऱ्यात कुणी ‘बेन, चा तो पीवी ज पडे’ म्हणत हात धरला तरी ढिम्म. मी त्यांच्या हाताखालची. ‘अहल्या, खाल्ल्या मिठाला माणूस जागतो. म्हणून मीठच खायचं नाही,’ असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. दुसरा नियम, मुलाशी एकट्यानं बोलल्याशिवाय उठायचं नाही. मला राग यायचा. उन्हात माझा घसा कोरडा पडायचा आणि ही बाई आपली ताठ.

मागच्या चैत्रात एका शाळेतून संस्थेला फोन आला. सानवी, नऊ वर्षांची. दंडावर वळ, विचारलं की गप्प. बाप मारत असावा, असा तिच्या बाईंना संशय. आम्ही न कळवता घरी गेलो. दार आजीनं उघडलं, इंदिराबाईंनी. आत चैत्रगौर बसलेली. आमची आडनावं ऐकली मात्र, म्हातारी खुलली. ‘अगंबाई, आपल्यातल्याच की तुम्ही! गौरीपुढे आलेल्या सवाष्णी अशाच कशा जातील?’

आणि कुठे न वाकलेली बाई तिथे वाकली. हळदीकुंकू झालं, आंब्याची डाळ आली, पन्हं आलं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरली. ओटी घेतल्यावर ‘नातीशी एकटीशी बोलायचंय, तुम्ही बाहेर थांबा’ म्हणायला जीभ कशी रेटणार? आजीनंच सानवीला हाक मारली. पोर स्वयंपाकघराच्या दारातून अर्धी दिसली. वळ कशाचे, ताईंनी विचारलं. ‘सायकलवरून पडले,’ ती आजीकडे बघत म्हणाली. ताईंनी मान डोलावली. आणि मी काय करत होते? दुसऱ्यांदा डाळ घेत होते. मेली माझी जीभ.

ताईंनी अहवालात लिहिलं, घर सुसंस्कृत, धोका दिसत नाही. सुसंस्कृत म्हणे.

सोळा दिवसांनी बापानं तिच्या डाव्या कानावर मारलं. त्या कानानं सानवीला आता कधीच ऐकू येणार नाही. बाप कोठडीत गेला, पोर आमच्या संस्थेच्या वसतिगृहात आली.

संस्थेत ताईंना कुणी एका शब्दानं बोललं नाही. माणूस आहे, चुकतो, म्हणाले. तेच त्यांना सोसेना. त्यांनी सोडवलेल्या पन्नास मुलांची नावं मी आत्ता घडाघडा सांगेन, पण ताईंना विचाराल तर एकच नाव सांगतील. रोज संध्याकाळी त्या सानवीपाशी जाऊन बसायच्या, उजव्या बाजूला, ऐकू जावं म्हणून. पोर महिनाभर एक अक्षर बोलली नाही. मला बघवायचं नाही, पण मीही जायची. मीही डाळ खाल्ली होती ना.

एक दिवस सानवी आपणहून बोलली.

‘शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, तुम्ही येणार आणि मला विचारणार. म्हणून मी दप्तरात दोन फ्रॉक भरून ठेवले होते. दारामागे.’

ताईंनी तिचा हात धरला.

‘मग तुम्ही हरभरे घेतले आणि गेलात,’ ती म्हणाली.