हात लावू देणारा कोर्स

"कोणं हात लावला हिले?"

गावचा शेठ भर वॉर्डात ओरडला. हिले म्हणजे त्याच्या म्हाताऱ्या आईले. ती खाटेवरून घसरून राह्यली होती. मी बाबाचा डबा घेऊन आलती, समोरच उभी होती. धरलं तिले. बगलेत हात घालून वर घेतलं, उशीले टेकवलं. म्हातारी माझं मनगट सोडूनच नाई राह्यली.

बाबा त्या सरकारी दवाखान्यात सफाई कामगार. गाव बाबाले ओळखे, त्याच्याआधी आमची जात ओळखे.

मोठे डॉक्टर धावत आले. मले वाटलं, आता शाबास म्हणतात. बावळटच होती मी! ते म्हणाले, "तुमचा हात फरशीला. पेशंटला नाही. समजलं?" मग बाबाले म्हणाले, "चादर बदल."

चादर स्वच्छ होती. त्याच म्हातारीचं लघवीचं भांडं बाबा रोज उचले, तेव्हा कोणाले काही होत नव्हतं. बाबानं चादर बदलली. माझ्याकडे पाह्यलं नाई. माझं डोकं असं भणभणलं, की डबा तिथंच ठेवून मी घरी आली.

बारावी सायन्स झाली. डॉक्टरकीले मार्क कमी पडले. वॉर्डातल्या सिस्टरबाईनं नवीन कोर्स सांगितला, फिजिशियन असिस्टंट. डॉक्टरच्या हाताखाली पेशंट तपासायचा, ऑपरेशनमध्ये मदत करायची. दोन कॉलेजं होती. मी एसटीडी बूथवरून फोन लावून दोन्हीकडे एकच गोष्ट विचारली, पेशंटले हात कधी लावू देता?

जवळच्या कॉलेजवाला म्हणाला, "पहले पढाई तो करो. आखरी साल में देखेंगे."

मद्रासकडची बाई म्हणाली, "पहले साल से. रोज."

झालं. ठरलं.

पण तेवढ्यात बाबाची कंबर गेली. नोकरी सोडायची वेळ आली. मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघांले बोलावलं, कागद पुढं केला. "वारसा हक्क आहे तुमचा. बापाच्या जागी पोरगी. क्वार्टरही राहील."

वारसा म्हणे! त्यांच्या पोराले डॉक्टरकी, मले झाडू.

"मले कोर्स करायचा आहे, सर." कोणता, तेही सांगितलं.

ते हसले. "असिस्टंटच व्हायचं ना? मग इथं काय वाईट आहे?"

बाबानं कागद माझ्याकडे सरकवला. "सही करून दे बाई. आईले घेऊन कुठं जाऊ मी?"

पेन हातात होता. म्हातारीनं धरून ठेवलेला, तोच हात. मी पेन खाली ठेवला.

"नाई करत."

क्वार्टर गेलं. आईबाबा नाचणगावले मामाच्या पडवीत राहाले गेले. मी स्कॉलरशिपवर मद्रासची गाडी धरली. निघताना आई म्हणाली, "घर घालवलं तुनं." घालवलं. खरं आहे ते. आजही मले ते टोचते.

आता मी पेशंट तपासते. नाडी पाहताना अजूनही कोणी आडनाव विचारते. काऊन विचारते, ते मले समजते. मी सांगते. बाजूच्या खाटेले ऐकू जाईन असं सांगते. अन् मनगट धरूनच ठेवते.

ज्याले चालत नाई त्यानं ओरडावं. मी हात काढत नाई.