वाहिदचाचांची पांढरी टोपी

दिग्रसच्या जिनिंग कारखान्यात कापसाची गाडी शिरली की शेतकऱ्याची नजर आधी एका टोपीकडे जायची. पांढरीशुभ्र, कडक, डोक्यावर चंद्रासारखी बसलेली टोपी. तिच्याखाली मालाची प्रत ठरवणारे ग्रेडर वाहिदचाचा. चाचा गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचे, तळातून मूठभर कापूस ओढायचे, दुसऱ्या हाताने टोपी काढून मूठ तिच्यावर ठेवायचे आणि निरखून बघायचे. मग मान वर करून सगळ्या आवाराला ऐकू जाईल असा पुकारा व्हायचा, "एक नंबर!" नाहीतर, "दोन नंबर!" पिवळट, डागी माल निघाला तर नुसतंच, "कवडी!" तो आवाज एखाद्या नाटक कंपनीच्या कानावर पडला असता, तर कंपनीने त्यांना उचलून नेऊन राजाच्या भूमिकेत उभं केलं असतं.

आवाज चाचांचा, पण टोपी त्यांच्या बायकोची, जैबुनबींची. रोज संध्याकाळी त्या ती धुवायच्या, नीळ द्यायच्या, उपड्या पातेल्यावर वाळत घालायच्या. "माणूस मळका चालते, टोपी नाही," हे त्यांचं घरातलं कायमचं वाक्य.

दोन हजार सहा साली चाचांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. शिबिरात डॉक्टर गौरींनी केलं. पोरसवदा, पण हात फुलासारखा हलका. पट्टी निघाली आणि चाचा खुळ्यासारखे हसत सुटले. आकाश एवढं निळं असतं? जैबुनबींच्या ओढणीवर फुलं आहेत?

"तीन वर्षांपासून हायेत," जैबुनबी म्हणाल्या. "तुम्हाले आता दिसली."

हसणं टिकलं ते जिनिंगमध्ये पाऊल टाकेपर्यंत. कापसाचा ढीग समोर होता. चाचांनी सहज एक डोळा झाकला, मग दुसरा. नव्या डोळ्याला ढीग दुधासारखा दिसला. जुन्या डोळ्याला तोच ढीग चहात बुडवून काढल्यासारखा. म्हणजे इतकी वर्षं आपण या चहातून बघत होतो? किती जणांच्या एक नंबरला आपण दोन नंबर पुकारलं? आणि कोणत्या वर्षांत, तर कापसाचा भाव पार बसलेला असताना, एका नंबरावर घराची दिवाळी ठरत असताना!

त्या दिवशी पुकारा झाला नाही. चाचा घरी जाऊन खाटेवर बसले. आठवड्याने उकंडा भेटायला आला. जवळच्याच गावचा शेतकरी, जिभेचा तिखट.

"चाचा, काहून येऊन नाही राह्यले? तुमच्या जागी जो पोट्टा बसला, तो पुकारते का कुंथते, समजत नाही."

"उकंडा, तुह्या कापसाले मी नेहमी दोन नंबरच देलं ना रे?"

"देलं. अन् मी नेहमी शिव्या देल्ल्या. हिशोब फिटला. चाला आता."

पण चाचा हलले नाहीत. डॉक्टर गौरी तपासणीला आल्या तेव्हा त्यांनी मनातलं विचारलं, "डॉक्टरीनबाई, या जुन्या डोळ्यानं मी खोटं तं नाही बोललो?"

गौरी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चाचा, उगीच धीर द्यायला मी काही सांगणार नाही. यवतमाळला विद्यापीठाचा परिसंवाद आहे, नजर आणि डोळ्याचं शास्त्र या विषयावर. मी मोतीबिंदू आणि रंगांवरच बोलणार आहे. कापूस घेऊन या. तिथेच बघू."

"मंग तोवर दुसऱ्या डोळ्याले हात लावू नका. तो माहा साक्षीदार हाय."

परिसंवादाच्या दिवशी चाचांनी पेटीतून निकाहाची काळी मखमली टोपी काढली.

"अजी, पांढरी घाला ना," जैबुनबी म्हणाल्या.

"तिथं सारे प्रोफेसर राह्यतीन. ही शोभते."

"शोभते! वणीच्या कोळशाच्या खाणीतून निघाल्यावाणी दिसून राह्यले." असं म्हणत त्यांनी धुतलेली पांढरी टोपी आपल्या पिशवीत टाकली आणि एसटी पकडली.

सभागृह भरलेलं होतं. पडद्यावर डोळ्याची मोठमोठी चित्रं येत होती, वक्ते एकामागून एक बोलत होते. त्यातलं चाचांना फारसं कळलं नाही, पण माणसं डोळ्याविषयी इतक्या मायेने बोलतात हे बघून त्यांना बरं वाटलं. मग गौरींनी त्यांना वर बोलावलं. टेबलावर चाचांनीच आणलेला कापूस, चार ढिगांत. आयुष्यभर आवार गाजवलेला माणूस चार पायऱ्या कठडा धरून चढला.

"आधी नव्या डोळ्याने सांगा," गौरी म्हणाल्या.

डावा डोळा झाकून चाचांनी पाहिलं. "एक नंबर. एक नंबर. एक नंबर. हाही... एक नंबर."

"आता जुन्या डोळ्याने."

"दोन नंबर. कवडी. कवडी. कवडी."

सभागृहात चुळबूळ झाली. एवढ्या माणसांसमोर साक्षीदार फिरला होता. खाली मान घालून ते म्हणाले, "झालं, डॉक्टरीनबाई. समजलं मले."

तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "कायचं समजलं? टोपी कुठं हाय तुमची?"

सगळ्या माना वळल्या. जैबुनबी उभ्या होत्या, हातात पांढरी टोपी. "सारी जिंदगी टोपीवर ठेवून पाह्यलं, अन् आज टेबलावर पाहून राह्यले! घ्या!"

टोपी हातोहात पुढे आली. गौरींनी ती स्वतः चाचांच्या हातात दिली. चाचांनी पहिली मूठ तिच्यावर ठेवली. नवा डोळा: एक नंबर. जुना डोळा: एक नंबर. दुसरी मूठ: दोन नंबर आणि दोन नंबर. तिसरीला जुना डोळा अडखळला. चाचांनी मूठ फिरवून फिरवून पाहिली. "दोन नंबर," ते म्हणाले. नव्या डोळ्यानेही तेच म्हटलं. चौथी कवडी, दोन्हीकडून कवडी. आणि ती शेवटची कवडी त्यांनी पुकारली ती अशी, की माइकवाला दचकला.

टाळ्या ओसरल्यावर गौरी समजावून सांगू लागल्या. "डोळा पिवळा झाला, तेव्हा चाचांना कापूस पिवळा दिसला, पण टोपीही तेवढीच पिवळी दिसली. म्हणून दोहोंतला फरक तसाच राहिला. टोपी नव्हती तेव्हा नव्या डोळ्याला सगळंच पांढरं वाटलं, जुन्याला सगळंच पिवळं. अगदी बारीक फरकाला जुन्या डोळ्याला वेळ लागतो, ते आत्ता आपण पाहिलं. पण चाचा, तुम्ही घाई करत नव्हता ना?"

"घाई कायची? शेतकरी रात्रभर गाडी हाकून येते."

"मग काळजी सोडा."

चाचांनी डोळे पुसले, दोन्ही. "आता करा याचं ऑपरेशन," ते म्हणाले. "साक्ष झाली त्याची."

परतीच्या एसटीत जैबुनबी खिडकीशी बसल्या होत्या. "टाळ्या तुम्हाले," त्या म्हणाल्या, "अन् नीळ कोणाची?"

"तुही."

"मोठ्यानं सांगा. तिकडं कसं पुकारलं?"

चाचांनी भरल्या एसटीत पुकारलं, "जैबुनबीची!" कंडक्टरने चमकून घंटी मारली आणि गाडी भररस्त्यात थांबली.

दुसऱ्या दिवशी आवारात पहिली गाडी उकंडाची होती. चाचांनी हात खुपसला, मूठ काढली, टोपी उतरवली.

"दोन नंबर!"

"अरे बाप्पा!" उकंडा डोक्याला हात लावून म्हणाला. "मले वाटलं, डोळा नवा आला तं नंबरही नवा भेटन!"

"डोळा नवा हाय, उकंडा," चाचा टोपी झटकून डोक्यावर ठेवत म्हणाले. "टोपी तीच हाय. गाडी पुढं घे."