नाशिक ते मालवण: स्ट्रोबच्या सांध्यातलं कुंकू

माझ्या पायाला भिंगरी आहे हे सासरी पहिल्याच वर्षी जाहीर झालं. सलग दोन रविवार मी इंदिरानगरच्या घरात दिसले की नवरा, महेश, विचारतो, "बरं नाही का तुला?" डायव्हिंग शिकल्यापासून तर विचारूच नका. पण मालवणच्या या फेरीची घाई माझ्या पायांना नव्हती, ती सासूबाईंच्या डोळ्यांमुळे होती.

आईंचं (सासूबाईंना मी आईच म्हणते) सगळं आयुष्य मखमलाबादच्या मळ्यात झेंडू लावण्यात आणि खुडण्यात गेलं. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. गणपतीत माझे पाण्याखालचे फोटो बघायला त्यांनी मोबाइल अगदी नाकाला लावला आणि वैतागून खाली ठेवला. "एवढुशा डबीत काय दिसतंय गं? मोठा फोटू काढ एक, भिंतीवर लाव. खाली काय हाय ते बघू दे मला एकदाचं."

ते 'एकदाचं' मला टोचलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितलाय, रोज थेंब घालायचे, ठरल्या वेळी तपासणीला यायचं. आई थेंब 'विसरतात' आणि तपासणीचं नाव काढलं की उसळतात. "मला समदं दिसतंय. तुझ्या कपाळावरची आठीसुदिक दिसतीय." त्यांच्यापुढे माझं काही चालेना. मग म्हटलं, निदान फोटो तरी काढू, त्यांना दिसतंय तोवर. दिवाळीचा फराळ संपायच्या आत मी मालवणची खोली ठरवून टाकली आणि जाहीर केलं, "आई, तुम्हीपण येताय."

आता सामानाबद्दल, कारण तुमचे निम्मे प्रश्न त्याचेच असतात. पाण्यात खाली गेलं की सगळ्यात आधी लाल रंग जातो, मग नारिंगी. उरतं ते निळं-राखाडी. रंग परत आणायला लागतो स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश. तो कॅमेऱ्याला चिकटवून लावला तर मधला गाळच उजळतो आणि फोटोवर साबुदाणा सांडल्यासारखा दिसतो. म्हणून स्ट्रोब बाजूला, लांब धरायचा, आणि त्यासाठी हे दांडे, स्ट्रोब आर्म. आपल्या किनाऱ्यावर पाणी गढूळ, त्यामुळे आखूड आर्म घेऊन पस्तावू नका. दोन्ही बाजूंना दोन-दोन तुकडे हवेत, एक हातभर आणि एक वीतभर. ॲल्युमिनियमचे चालतात, वर फोमची नळी चढवली की पाण्यात मनगट भरून येत नाही. टोकाला गोळा असतो, गोळ्यावर रबरी ओ-रिंग, आणि दोन गोळ्यांना धरणारा क्लॅम्प. सगळा खेळ त्या रबरी रिंगचा. तिने धरलं तर आर्म जागच्या जागी, नाहीतर पैसे खरोखरच पाण्यात. माझ्या सेटच्या पैशात दोन चांगले मोबाइल आले असते. महेश हे अजून ऐकवतो.

आमच्याकडे खंडेनवमीला विळे, खुरपी, पंपाचा पाना, सगळं पाटावर मांडतात. घरात कामाचं म्हणून जे आहे ते पुजायचं. यंदा मीच हौसेने माझे आर्मसुद्धा सुटे करून पाटावर ठेवले आणि ऑफिसला पळाले. नंतर वरवर पुसून पेटीत भरले. हे लक्षात ठेवा.

पहाटे निघालो. सिन्नर, संगमनेर झपाट्यानं मागे पडलं, नारायणगावला मिसळ खाल्ली (बरी होती, नाशिकच्या मिसळीवर वाढलेल्या माणसानं याहून जास्त बोलू नये) आणि चाकणला जे अडकलो ते अडकलोच. मी मागच्या सीटवर चुळबुळत होते, आई माझ्या शेजारी शांत. त्याआधी मिसळीच्या टेबलावर त्यांच्या डाव्या हाताशी पाण्याचा ग्लास होता आणि त्या म्हणाल्या, "पाणी नाय दिलं का रे यानं?" महेशनं ग्लास सरकवला. मी आईंकडे पाहिलं. "गाडीत बसून डोळे शिणलेत," त्या म्हणाल्या.

कऱ्हाडला मुक्काम केला. एवढं अंतर एका दमात मारू नका, कंबर मोडते. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला तांबडा-पांढरा, मग फोंडा घाटानं खाली. गगनबावड्याची वाट धरणार असाल तर घाट चालू आहे का आधी विचारा. संध्याकाळी मालवण. किनाऱ्याला लागून एका कुटुंबाच्या घरात खोली मिळाली, माशाचं जेवण घरचंच, आणि हॉटेलच्या निम्म्यात सगळं. आईंनी चपला काढल्या, पाण्यात पाय घातला, बराच वेळ समोर तोंड करून उभ्या राहिल्या. "लय मोठा आवाज हाय याचा," एवढंच म्हणाल्या. पहिल्यांदा समुद्र पाहिलेलं माणूस आधी आवाजाबद्दल बोलतं, हे मला विचित्र वाटलं. पण माझं चित्त थाऱ्यावर कुठं होतं! मी पेटी उघडून बॅटऱ्या चार्जिंगला लावत होते.

सकाळी बोटीवर नितेश, आमचा डायव्ह गाइड, पाण्याकडे बघून म्हणाला, "ताई, आज पाणी जरा गढूळ आसा. उद्या बरा आसतला." मी म्हटलं, असू दे, लांब आर्म आहेत. उडी मारली. खाली एका कपारीशी पोचले, हवी ती जागा दिसली, स्ट्रोब फिरवायला क्लॅम्प सैल केला, वळवला, पुन्हा आवळला, आणि आर्म फोमसकट सरळ वर निघाला! पुन्हा आवळला. पुन्हा वर. दुसऱ्या बाजूचीही तीच तऱ्हा. एका हातानं कॅमेरा, एका हातानं आर्म, लाटेचे हेलकावे, हवा भराभर संपतेय. नितेशनं वर चलायची खूण केली. आलेल्या फोटोंत साबुदाणा होता, नुसता साबुदाणा. बोटीत चढले आणि कॅमेरा बाजूला ठेवून दिला. महेश मला ओळखतो, त्यानं मुकाट्यानं टॉवेल पुढे केला.

दुपारी अंगणात बसून सगळे क्लॅम्प खोलले. गोळ्यांवर लाल लगदा. वास घेतला तर खोबरेल.

"आई!" माझा आवाज नको तेवढा चढला. "याला तेल कुणी लावलं?"

"मीच की. खंडेनवमीला. इळ्याला लावती तसं लावलं, गंजू नये म्हणून. आन मग कुंकू."

"अहो, पण सांध्याच्या आत? रिंगेवर?"

आईंचं कुंकू मी इतकी वर्षं बघतेय. विळ्याच्या मुठीवर एक बोट, मधोमध, ना इकडे ना तिकडे. आणि इथे? गोळ्यावर, स्क्रूच्या आट्यांत, फोमच्या कडेला, सगळीकडे फासलेलं.

आई पदराशी चाळा करत बसल्या. मग हळू म्हणाल्या, "जिथं हाताला लागलं, तिथं लावलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. तो ग्लास. तो समुद्राचा आवाज. महेश उठून आईंच्या शेजारी जाऊन बसला. "आई, किती दिवस झाले?" त्या म्हणाल्या, "आता नगं ते." महेश तिथंच त्यांच्याजवळ बसून राहिला.

मला मात्र हात रिकामे ठेवून बसवेना. काय केलं ते सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल. रिंगा काढल्या, भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुतल्या, गोळे जुन्या टूथब्रशनं घासले. आट्यांतला लगदा काडीनं काढला. आई म्हणाल्या, "दे इकडं एक." रिंग त्यांनी चिमटीत धरून फिरवली, नथीचा फासा तपासावा तशी. "इथं कच लागतीय." मी पाहिलं, खरंच कुंकवाचा कण होता. मग मी धुवायचं, त्यांनी चाचपायचं. दोन रिंगा तेलानं फुगल्या होत्या, त्या बदलल्या. (जादाच्या रिंगा जवळ ठेवाच. आणि फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही तांदळाच्या दाण्याएवढं. रोज डायव्ह झाली की क्लॅम्प सैल करून गोड्या पाण्यात बुडवायचे आणि सावलीत वाळवायचे.)

दुसऱ्या दिवशी पाणी खरंच बरं होतं. त्याच कपारीत गेले. खडकाला पोवळ्यांचे झुबके लागलेले, साध्या डोळ्यांना मातकट, वाळल्यासारखे. आर्म दोन्ही बाजूंना लांब पसरले, आवळले. जागचे हलले नाहीत. फ्लॅश उडाला आणि मागच्या पडद्यावर नारिंगी रंग असा उसळला की माझ्या तोंडातून बुडबुड्यांसकट किंकाळी निघाली. नितेश दचकलाच.

परतीचा रस्ता तोच, चाकणही तेच. घरी आल्यावर फोटो दाराएवढा छापून घेतला आणि हॉलमध्ये लावला. आई त्याच्यासमोर गेल्या, अगदी जवळ. एका कोपऱ्यापासून तोंड हळूहळू सरकवत गेल्या, जणू एका भोकातून बघतायत. मला उभं राहवेना, मी दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आले.

"हा तर झेंडू हाय," त्या म्हणाल्या.

"पोवळं आहे, आई. जिवंत असतं ते."

"असंल. ह्यो एक अजून फुलला नाय बघ." त्यांनी बोट ठेवलं तिथं एक झुबका मिटलेला होता. मी तो फोटो इतक्या वेळा पाहिला होता, मला दिसला नव्हता.

त्याच आठवड्यात त्या न बोलता चपला घालून दाराशी उभ्या राहिल्या आणि आम्ही डॉक्टरांकडे गेलो. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती थेंबांनी सांभाळायची, असं ते म्हणाले. आता माझ्या मोबाइलवर थेंबांचा गजर आहे. परतताना आई रिक्षात बाहेर तोंड करून बसल्या होत्या. मला रडू येत होतं आणि मी उगाच कोबीच्या भावाबद्दल बोलत होते.

काल जेवणाच्या टेबलावर आर्म खोलून बसले होते. मिटलेल्या झुबक्यासाठी पुन्हा मालवणला जायची भिंगरी सुरू झालीच आहे. आई येऊन शेजारी बसल्या, एक रिंग चिमटीत घेतली.

"पुढच्या खंडेनवमीला यांना पुजायचं ना?"

"पुजायचं की. पण तेल नाही हं, आई."

"नाय लावत. पर कुंकू मीच लावणार."

"लावा ना."

रिंग त्यांच्या बोटांत फिरत राहिली. मग त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली.

"तू फक्त माझं बोट धर. कुठं लावायचं ते मला दिसायचं नाय."