भावानं पाठवलेली फाइल

माझा भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्यानंतर त्याचा डबा, दप्तर, ताप-खोकला सगळं माझ्याच हातून झालं. तीन वर्षांपूर्वी तो वायरमनच्या कामावर आखातात गेला. मी बाबांसोबत रिठदला राहते आणि जवळच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते.

आपलं नेहमीचं अ‍ॅप तिकडे मेसेजपुरतं चालतं, कॉल लागत नाही. साधा फोन महागाचा, म्हणून त्याचा फोन महिन्यातून एकदा यायचा आणि तोही घाईत.

"जेवला का?"

"जेवलो. बाबा कसे हायेत?"

"बरे हायेत."

एवढ्यात वेळ संपायचा. फोन घ्यायला बाबांनी हात पुढे केलेला असायचा, तो ते हळूच मागे घ्यायचे. त्याचा चालता-बोलता चेहरा आम्ही कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. फोटो यायचे, पण फोटोत तो कायम हसतच असायचा, आणि त्याचा मला काही उपयोग नव्हता.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी त्याचा मेसेज आला. "ताई, हे अ‍ॅप टाक. याच्यावर कॉल लागते. आपलं बोलनं कोनी वाचू शकत नाई. तुह्या जुन्या फोनले स्टोअरमधून येनार नाई, म्हनून त्यायच्या साइटवरची फाइल पाठवून राह्यलो." खाली निळ्या अक्षरांत लिंक.

मी फोन बाजूला ठेवला. महिनाभर आधी आमच्या शाळेतल्या एका बाईंना अशीच फाइल आली होती, लग्नपत्रिका म्हणून. त्यांनी ती उघडली आणि त्यांच्या नावानं तीच पत्रिका फोनमधल्या झाडून सगळ्यांना गेली. त्या कितीतरी दिवस एकेकाला फोन करून "मी नाही पाठवली" सांगत होत्या. उद्या माझ्या भावाच्या नावानं कुणी मला लिहिलं तर? त्या अक्षरांत त्याचा आवाज नव्हता.

मी त्याला लिहिलं, "दहावीच्या परीक्षेत माही वेनी कोनं घातली?"

"काय विचारून राह्यली तू?"

"सांग आधी."

दहावीच्या परीक्षेआधी आठ दिवस बैलगाडीवरून पडून माझा डावा हात मोडला होता. एका हातानं वेणी घालता येईना, आणि शेजारच्या बायका पहाटेच शेतावर जायच्या. मग आठ वर्षांचा तो पाठीमागे पाटावर उभा राहून माझी वेणी घालायला शिकला. पोरं चिडवतील म्हणून ते कुणाला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. बाबांनाही ठाऊक नव्हतं.

मग उत्तर आलं, "मी. पन उजवी बाजू रोज ढिली राहे. तू पेपर देऊन येईपर्यंत सुटून जाये. तू कधी बोलली नाई."

ढिली राहायची हे मी विसरून गेले होते. त्याच्या मनात ते एवढी वर्षं होतं.

मी लिंक दाबली. ही फाइल तुमच्या फोनला हानी पोहोचवू शकते, असं फोननं सांगितलं. तरीही ठेवा, म्हटलं. मग त्यानं सेटिंगमध्ये नेलं आणि या स्रोतावरून आलेलं अ‍ॅप टाकायला परवानगी द्यायची का, विचारलं. परवानगी दिली, अ‍ॅप उतरलं, आणि परवानगी पुन्हा बंद केली. तसं करायचं भावानं बजावून ठेवलं होतं.

अजून एक काम बाकी होतं. दोघांच्या फोनवर पाच-पाच आकड्यांचे बारा गट दिसत होते. ते जुळले म्हणजे मधे तिसरं कुणी नाही. ताळा करायला त्यानं साधा फोन लावला. तो वाचायचा, मी बोट ठेवून "हो" म्हणायचे. त्याचा सूर लहानपणी पाढे म्हणायचा तोच होता, सोळाच्या पाढ्याला अडखळणारा. सातव्या गटाला मी मुद्दाम म्हटलं, "ऐकू नाई आलं, पुन्हा सांग." नवव्यालाही म्हटलं. त्यानं दोन्ही वेळा सावकाश सांगितलं. बारावा गटही जुळला.

"बराबर हाय?" त्यानं विचारलं.

"बराबर हाय."

त्या रविवारी त्याचा चेहरा पडद्यावर आला. गालफडं बसलेली, कानाजवळ पांढरे केस. बाबांनी फोन इतका जवळ धरला की त्याला फक्त त्यांचं कपाळ दिसत होतं. "बारीक झाला रे," बाबा म्हणाले. तो म्हणाला, "नाई बाबा, कॅमेरा तसाच हाय." आणि मान फिरवून खिडकीकडे पाहू लागला.

पुढे कॉलपेक्षा त्याचं लिहिणंच वाढलं. खोलीत आठ माणसं, बोलायला आडोसा नाही, म्हणून पहाटे उठून लिहायचा. मी शाळेत निघण्याआधी वाचायचे. उन्हात चक्कर येऊन शिडीवरून उतरावं लागलं ते, सोबतचा एक जण घरी न सांगता रडतो ते, आणि कधी कधी झोपेत त्याला आपल्या विहिरीच्या मोटारीचा आवाज येतो ते. त्यानं अशी सोय करून ठेवली होती की प्रत्येक मेसेज एका दिवसात आपोआप पुसला जाई. मी म्हटलं, "राहू देत जा ना. मले पुन्हा वाचावं वाटते."

त्यानं लिहिलं, "राहत नाई म्हनूनच लिहू शकतो ताई."

एकदा मी त्याचा मेसेज वहीत उतरवायला घेतला. चार ओळी झाल्या आणि हात थांबला. त्यानं विश्वासानं सांगितलेलं मी त्याच्या पाठीमागे साठवत होते. ते पान फाडून चुलीत घातलं.

फेब्रुवारीत, शाळेच्या वऱ्हांड्यात प्रार्थनेआधी, मी त्याचा सगळ्यात लांब मेसेज वाचला. कंपनीनं आणखी दोन वर्षं राहायला सांगितलं होतं आणि तो हो म्हणाला होता. माझ्यावर रागावू नको, असंही होतं. शेवटी गावाकडच्या, चौदा एप्रिलच्या जयंतीबद्दल एक वाक्य होतं. तेवढ्यात घंटा झाली. मी "बरं" एवढंच लिहून वर्गात गेले. त्या दिवशी पोरांना काय शिकवलं ते आठवत नाही.

दुसऱ्या सकाळी तो मेसेज पुसला गेला होता. जयंतीले येतो, असं त्यानं लिहिलं होतं की यायचं पाह्यतो, हे मला कितीही आठवून सांगता येईना. त्याला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.

बाबा अंगणात दात घासत होते. "काय म्हनते तो?" त्यांनी विचारलं.

"जयंतीले येतो म्हनते."

त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि आत गेले. भावाच्या खोलीत सोयाबीनची पोती रचून ठेवली होती. भाव वाढेपर्यंत ती तिथंच राहणार होती. बाबा म्हणाले, "मंग हे बाहेर काढा लागतीन. त्याले झोपाले जागा पाह्यजे." शाळेला अर्धा तास वेळ होता. मी पदर खोचला, आणि एका बाजूनं त्यांनी, एका बाजूनं मी, असं एकेक पोतं ओढत आम्ही पडवीत नेऊन ठेवलं.