करंगळीएवढी नळी

दाजी फोंडाघाटचा, भात आणि काजूतला माणूस. स्वतःच्या दुखण्यासाठी आपण कधी दवाखान्याची पायरी चढलो नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. पण यंदा पोटातली जळजळ थांबेना, तेव्हा त्याच्या बायकोने, कावेरीने, त्याला कणकवलीला आणलं. गेल्या वर्षी तिच्या पोटात दुर्बीण घातली होती, त्याच दवाखान्यात.

“घशात फवारा मारू की गुंगीचं इंजेक्शन देऊ?” डॉक्टरांनी विचारलं. “फवाऱ्याने घसा बधिर होतो, लगेच घरी जाता येतं, पण उमासे येतात, सगळं कळतं. इंजेक्शनने झोप लागते. मग दिवसभर आराम हवा आणि घरी न्यायला सोबत माणूस.”

“निजवाच माका,” दाजी म्हणाला. त्याला विचार करावा लागला नाही.

गेल्या वर्षीही लागला नव्हता. प्रश्न कावेरीला होता, उत्तर त्याने दिलं होतं. “फवारो मारा. तिका सोसूची सवय आसा.” दुसऱ्या दिवशी घरी म्हाळ होता; बायको निजून राहिली तर पितरांचे वडे कोण तळणार? कावेरी आत गेली आणि तो समोरच्या हॉटेलात चहाला गेला. संध्याकाळी वड्याचं पीठ मळताना ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “जीव जाताहा असा वाटला.”

“करंगळीयेवढी नळी ती,” तो हसला होता. पुढे आल्यागेल्याला तिची नक्कलही करून दाखवायचा.

आता डोळे उघडले, तर कावेरी खाटेजवळ उभी.

“झाला?”

“झाला.”

“कायेक कळूक नाय गो. तू उगाच वरसभर घसो धरून बसलंस.”

त्याची सलाईन काढणारी पूजा सिस्टर थबकली. “दाजी, काकींना इंजेक्शन कुठे दिलं होतं? तुम्हीच नको म्हणालात. माझा हात धरून होत्या त्या. नखं रुतली होती.”

“जांव दे गो,” कावेरी म्हणाली. “तेंच्या ध्यानात नसतला.”

त्याच्या चांगलं ध्यानात होतं. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

तेवढ्यात डॉक्टर आले. “काकी, तुमचा अल्सर भरला का, ते बघायचं राहिलंय. काही खाल्लंय?”

खाल्लं नव्हतं. नवरा उपाशी असताना ती पाणीही पीत नसे.

“मग आजच करू. फक्त इंजेक्शन देता येणार नाही. दोघंही गुंगीत, तर घरी कोण नेणार? नाहीतर परत कधीतरी या.”

कावेरीने दाजीकडे पाहिलं. ‘परत येतलंव, तिकाय निजवा,’ एवढंच त्याने म्हणायचं होतं. इंजेक्शनाने जीभ जड झाली होती, असं पुढे कुणालाही सांगता आलं असतं. जड नव्हती. पण पूजासमोर हे बोलायचं, म्हणजे गेल्या वर्षीचं कबूल करायचं.

“माका फवारो चलतलो,” कावेरी म्हणाली आणि आत गेली.

दार नीट लागलं नव्हतं. गेल्या वर्षी चहाच्या टेबलावर ऐकू न आलेलं सगळं त्याला आता ऐकू आलं. आतडी पिळवटून येणारे उमासे, मधेच कोंडलेला श्वास, आणि पूजाचा आवाज, “झालं हां काकी, झालं.” बराच वेळ ते झालं नाही.

ती पदराने तोंड पुसत बाहेर आली. डोळे लाल, गळ्याशी घाम.

“खूप त्रास झालो?” त्याने खाली बघत विचारलं.

“करंगळीयेवढी नळी ती,” ती म्हणाली आणि त्याला उठवायला तिने त्याचा दंड धरला.